ऑनर्सचे चौथे वर्ष : नियम, पर्याय आणि न सुटलेले प्रश्न

टी.वाय.ची परीक्षा झाली की पदवी झाली, हे महाराष्ट्रातल्या कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांचे गणित अनेक पिढ्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. त्यानंतर कोणी एम.ए.-एम.एस्सी.ला जाई, कोणी एलएल.बी. किंवा बी.एड.कडे वळे, कोणी एमपीएससीसाठी अभ्यासिकेत जागा धरी, तर कोणी थेट नोकरी शोधायला लागे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या गणितात एक नवे पद घातले आहे. स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या रचनेत दाखल झालेल्या विद्यार्थ्यांना सहाव्या सत्राच्या अखेरीस ठरवायचे आहे : तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडायचे, की आणखी एक वर्ष थांबून ऑनर्स मिळवायचे? थांबायचे ठरले तर पुढचा प्रश्न : नुसते ऑनर्स, की संशोधनासह ऑनर्स?

वीस-एकवीस वर्षांच्या मुलामुलींनी घ्यायचा हा निर्णय आहे, आणि त्यावर पुढची पीएच.डी., नेट, परदेशातला प्रवेश, घरचा खर्च असे बरेच काही अवलंबून आहे. नियम कागदावर पुष्कळसे स्पष्ट झाले आहेत. ते वर्गात कसे उतरणार, याबाबत मात्र राज्याराज्यांत आणि एकाच राज्यातल्या दोन महाविद्यालयांतही एकवाक्यता नाही. म्हणून हा वाद कुठून आला आणि आज कुठे उभा आहे, हे सलगपणे पाहायला हवे.

ऑनर्सची जुनी ओळख

मराठी माणसाला ऑनर्सची ओळख झाली ती रँग्लर परांजप्यांमुळे. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या मॅथेमॅटिकल ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर ठरले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. ट्रायपॉस ही ऑनर्सची परीक्षा होती. साधी पदवी घेणाऱ्यांची वाट वेगळी असे, आणि ऑनर्सवाल्यांची गुणानुक्रमे यादी जाहीर होई. गणितातली गुणानुक्रम जाहीर करण्याची ती प्रथा १९०९ नंतर थांबली, पण एकाच विषयात खोलवर शिरणे आणि त्यात वरचा दर्जा मिळवणे हा ऑनर्सचा अर्थ टिकून राहिला.

इंग्रजी अमलातल्या विद्यापीठांनी ही कल्पना आपापल्या पद्धतीने उचलली. कोलकाता आणि दिल्लीत पदवीचे सरळ दोन वर्ग पडले : पास कोर्स आणि ऑनर्स. दिल्लीत इतिहास ऑनर्स करणारा विद्यार्थी तीन वर्षे मुख्यतः इतिहासच शिकत असे. महाराष्ट्रात ‘ऑनर्स’ हे नाव फारसे रुळले नाही, पण विषयातली खोली दुसऱ्या नावाने आली. पुणे विद्यापीठात एस.वाय.ला एस-१, एस-२ आणि टी.वाय.ला एस-३, एस-४ असे स्पेशलचे पेपर असत, सोबत जी-२, जी-३ हे जनरलचे. ‘तुझे स्पेशल काय?’ हा कॉलेजातला ठरलेला प्रश्न होता. मुंबईत टी.वाय.बी.ए.चे सहाही पेपर एकाच विषयाचे घेता येत, किंवा दोन विषयांत तीन-तीन वाटून घेता येत.

आणखी दोन ठिकाणी महाराष्ट्र ऑनर्स आधीपासून जाणतो. पहिले ठिकाण कृषी विद्यापीठांचे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही विद्यापीठांची कृषी पदवी चार वर्षांचीच आहे, आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनंतर तिचे नाव बी.एस्सी. (ऑनर्स) ॲग्रिकल्चर झाले. तिथले शेवटचे वर्ष कसे असते ते गावकऱ्यांना ठाऊक आहे. ‘रावे’ म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी विद्यार्थ्यांचे गट एका सत्रात गावात मुक्काम करतात. बियाण्याला बीजप्रक्रिया करून दाखवतात, मातीचा नमुना कसा घ्यायचा ते सांगतात, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावाचा नकाशा आणि पीकपद्धतीचा तक्ता लावतात. कृषिदूत आणि कृषिकन्या गावात आल्याची बातमी जिल्हा दैनिकांत दर पावसाळ्यात छापून येते. या कृषी ऑनर्सला गुणांचा वेगळा अडसर नाही. जो चार वर्षे पूर्ण करतो, त्याची पदवी ऑनर्सचीच असते.

दुसरे ठिकाण अभियांत्रिकीचे. तिथे पदवी आधीच चार वर्षांची, त्यामुळे ऑनर्स म्हणजे त्याच चार वर्षांत जादा अभ्यास. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नमुना अभ्यासक्रमात पदवीच्या क्रेडिटशिवाय १८ ते २० जादा क्रेडिट मिळवणाऱ्याला ऑनर्स किंवा मायनर देण्याची सोय आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने २०१९ च्या अभ्यासक्रमात ती आणली आणि डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी असे गट ठेवले.

थोडक्यात, कृषीत ऑनर्स सगळ्यांना आहे, अभियांत्रिकीत जादा मेहनत घेणाऱ्याला आहे, आणि कला-वाणिज्य-विज्ञानात ते जादा वर्ष थांबणाऱ्याला मिळणार आहे. पालकांचा गोंधळ उडतो तो बहुतेक वेळा इथेच.

दिल्लीतला फसलेला प्रयोग

साध्या पदवीला चौथे वर्ष जोडण्याचा मोठा प्रयत्न प्रथम दिल्ली विद्यापीठात झाला. कुलगुरू दिनेश सिंग यांच्या काळात २०१३ मध्ये चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. दोन वर्षांनी, तीन वर्षांनी आणि चार वर्षांनी अशा बाहेर पडण्याच्या तीन पायऱ्या होत्या आणि ऑनर्स चौथ्या पायरीवर होते. सर्वांना अकरा पायाभूत विषय सक्तीचे होते. आक्षेप मुख्यतः त्यांच्यावरच आला : मूळ विषयाचे तास खाऊन शाळेत शिकलेलेच पुन्हा शिकवले जाते, असे विद्यार्थी आणि प्राध्यापक म्हणू लागले. अभ्यासक्रम घाईने आणला, चर्चा पुरेशी झाली नाही, हीही तक्रार होती. केंद्रात सत्ताबदल झाल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने पाऊल मागे घ्यायला सांगितले आणि जून २०१४ मध्ये एकाच वर्षात तो अभ्यासक्रम रद्द झाला. आत शिरलेल्या विद्यार्थ्यांना पुन्हा तीन वर्षांच्या चौकटीत बसवावे लागले.

याच काळात बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०११ पासून चार वर्षांची विज्ञान पदवी चालू होती आणि तिचे शेवटचे वर्ष संशोधन प्रकल्पाभोवती बांधलेले होते. तो प्रयोग टिकला. दोन्हींतला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. एकीकडे निवडक विद्यार्थी, हाताशी प्रयोगशाळा आणि रोज संशोधन करणारे शिक्षक होते. दुसरीकडे डझनावारी महाविद्यालयांत पसरलेले विद्यापीठ होते. पुढे सगळ्या देशासाठी नियम करताना धोरणकर्त्यांपुढे ही दोन्ही उदाहरणे होती.

नियम काय सांगतात

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले. त्यात पदवी तीन किंवा चार वर्षांची असेल असे म्हटले आहे, पण पसंती चार वर्षांच्या बहुविद्याशाखीय पदवीला दिली आहे. विद्यार्थ्याने कसून संशोधन प्रकल्प केला तर चार वर्षांची पदवी ‘संशोधनासह’ देता येईल, ही तरतूदही तिथलीच. डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने पदवीचा अभ्यासक्रम आणि क्रेडिट यांचा आराखडा जाहीर केला, आणि ऑनर्सच्या अटी प्रथमच आकड्यांत आल्या.

तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आणि चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६०. मुख्य विषयाचा म्हणजे मेजरचा वाटा निम्मा : तीन वर्षांत ६०, चार वर्षांत ८०. मायनरला २४ किंवा ३२. उरलेल्यात इतर विद्याशाखांचे विषय, भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण आणि उन्हाळी इंटर्नशिप. दुसऱ्या विषयात एकूण क्रेडिटपैकी किमान ४० टक्के मिळवले तर दुहेरी मेजरची पदवी घेता येते. पहिल्या वर्षाअखेर ४० क्रेडिटवर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षाअखेर ८० क्रेडिटवर पदविका घेऊन बाहेर पडता येते, मात्र त्यासाठी उन्हाळ्यात चार क्रेडिटचा व्यवसायाभिमुख अभ्यास जादा करावा लागतो. बाहेर पडलेल्याने तीन वर्षांत परत यावे आणि सगळी पदवी सात वर्षांत पुरी करावी, अशी मुदत आहे. दरम्यान मिळवलेले क्रेडिट शैक्षणिक क्रेडिट बँकेत जमा राहतात.

चौथ्या वर्षी दोन फाटे फुटतात. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण असलेल्याला संशोधनासह ऑनर्स घेता येते. त्याने १२ क्रेडिटचा प्रबंध किंवा प्रकल्प करायचा असतो. ज्याला ते नको आहे, किंवा ज्याचे गुण तेवढे नाहीत, तो तेवढ्याच क्रेडिटचे विषय शिकून ऑनर्स पूर्ण करतो.

महाराष्ट्राने डॉ. नितीन करमळकर यांच्या अध्यक्षतेखालच्या सुकाणू समितीच्या शिफारशींवरून एप्रिल २०२३ मध्ये शासन निर्णय काढला. इथे प्रत्येक सत्राला २० ते २२ क्रेडिट धरले आहेत, म्हणजे तीन वर्षांत १२० ते १३२ आणि चार वर्षांत १६० ते १७६. विद्यार्थ्यांच्या तोंडी बसलेली लघुरूपे इथूनच आली : ओई, व्हीएससी, एसईसी, आयकेएस, ओजेटी, सीईपी. चौथ्या वर्षाचा साचाही या निर्णयात आहे. सातव्या सत्रात संशोधन पद्धतीचा चार क्रेडिटचा विषय दोन्ही फाट्यांना आहे. साध्या ऑनर्सवाल्याला आठव्या सत्रात चार क्रेडिटची ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण असते. संशोधनवाल्याला त्याऐवजी, आणि मेजरचे काही तास कमी करून, सातव्या सत्रात चार आणि आठव्यात आठ क्रेडिटचा प्रकल्प असतो.

याच निर्णयात आणखी एक गोष्ट आहे, आणि पुढचे सगळे तिच्याशी बांधलेले आहे. पदवीचे चौथे वर्ष आणि एम.ए.-एम.एस्सी.चे पहिले वर्ष एकाच पातळीचे मानले आहे. म्हणून तीन वर्षे शिकून आलेला दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी करेल आणि ऑनर्स झालेला एका वर्षात ती पुरी करेल. आयोगाने २०२४ मध्ये पदव्युत्तर आराखड्यातही हेच धरले. पूर्वी तीन अधिक दोन होते, आता चार अधिक एकही चालेल, पण बेरीज पाचच.

पंचाहत्तरीचे दोन उंबरठे

७५ टक्क्यांची अट दोन वेगळ्या जागी येते आणि तिथे बऱ्याच विद्यार्थ्यांची गल्लत होते. एक उंबरठा वर सांगितलेला : सहा सत्रांनंतर संशोधनाच्या फाट्यावर जाण्यासाठीचा. दुसरा पीएच.डी.चा. आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत एकूण किमान ७५ टक्के मिळवणारा पदव्युत्तर पदवी न घेताही पीएच.डी.च्या प्रवेशाला पात्र ठरतो. राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना यात पाच टक्क्यांची सवलत आहे. याच नियमांनी एम.फिल. बंद झाली.

पीएच.डी.च्या या अटीत पदवी संशोधनासहच असावी असे म्हटलेले नाही. म्हणजे साध्या ऑनर्समध्ये ७५ टक्के मिळवणाऱ्यालाही दार उघडे आहे. उलट, सहाव्या सत्राअखेर ७६ टक्के असलेला आणि चौथ्या वर्षी प्रबंधात कमी पडून ७४ वर घसरलेला, संशोधन करूनही दाराबाहेर राहू शकतो. फाटा निवडण्याआधी हे प्रत्येक विद्यार्थ्याला कोणीतरी समोर बसून समजावून सांगायला हवे.

२०२४ पासून चार वर्षांच्या पदवीधरांना ७५ टक्क्यांच्या अटीवर नेटलाही बसता येते. तिथेही मर्यादा आहे : या पात्रतेवर कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती आणि पीएच.डी.चा प्रवेश मिळू शकतो, सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळत नाही. त्यासाठी पदव्युत्तर पदवी लागतेच. कॉलेजात शिकवण्याचे स्वप्न असलेल्याने चौथ्या वर्षानंतरचे पाचवे वर्ष हिशेबात धरलेले बरे.

बाजूने काय म्हटले जाते

समर्थकांचा पहिला मुद्दा संशोधनाचा. आपल्याकडे विद्यार्थी संशोधनाला प्रथम हात लावतो तो एम.ए.च्या शेवटी, आणि तोवर पाठांतराची सवय हाडीमासी खिळते. पदवीतच प्रश्न मांडणे, माहिती गोळा करणे, ती पडताळून लिहून काढणे शिकवले तर पुढची पीएच.डी. सुधारेल, असे ते म्हणतात. या मुद्द्यात तथ्य आहे. सांगोल्याच्या डाळिंब उत्पादकांचा किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागांचा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने वर्षभर फिरून अभ्यास केला, तर त्याला जे समजेल ते चार पेपरांतून समजणार नाही. कृषीच्या ‘रावे’ने हे आधीच दाखवून दिले आहे.

दुसरा मुद्दा परदेशाचा. अमेरिकेत पदवी चार वर्षांची असल्याने तिथली अनेक विद्यापीठे एम.एस.साठी सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. तीन वर्षांची बी.एस्सी. झालेल्यांना त्यासाठी इथे एम.एस्सी.चे किमान एक वर्ष करून जावे लागे. चार वर्षांच्या पदवीने ही अडचण सरते. ब्रिटनबाबत हा मुद्दा तितका लागू नाही, कारण इंग्लंडची ऑनर्स पदवीच मुळात तीन वर्षांची आहे आणि चार वर्षांची रीत स्कॉटलंडात आहे. ऑस्ट्रेलियात ऑनर्स हे बहुधा तीन वर्षांच्या पदवीपुढचे वेगळे वर्ष असते. आपली नवी रचना या शेवटच्या पद्धतीच्या सगळ्यांत जवळची आहे.

तिसरा मुद्दा लवचीकतेचा. घरच्या अडचणीमुळे दुसऱ्या वर्षी शिक्षण सुटलेल्या मुलीच्या हाती पूर्वी काहीच उरत नसे, आता निदान पदविका येते आणि परत येण्याची वाट खुली राहते. आयोगाची भूमिका अशी की चौथे वर्ष कोणावर लादलेले नाही. तीन वर्षांची पदवी कायम आहे आणि एमपीएससी, यूपीएससी, एलएल.बी. या सगळ्यांना ती पुरते.

आक्षेप कोणते

विरोधकांना ‘ऐच्छिक’ या शब्दाने समाधान वाटत नाही. त्यांच्या मते दोन प्रकारच्या पदव्या बाजारात आल्या की नोकरी देणारा आपोआप चार वर्षांच्या पदवीला झुकते माप देईल आणि तीन वर्षांची पदवी दुय्यम ठरेल. मग ज्याच्या घरी एक वर्षाचा खोलीभाडे-खाणावळीचा खर्च झेपतो तो पुढे जाईल, बाकीचे मागे राहतील. पहिल्या-दुसऱ्या वर्षी बाहेर पडण्याच्या सोयीकडेही ते वेगळ्या नजरेने पाहतात. गळतीला प्रमाणपत्राचा मुलामा दिला तर गळती थांबवण्याची जबाबदारी संस्थेवरून उठते, अशी भीती प्राध्यापक संघटनांनी दिल्लीतही मांडली आणि इतरत्रही. मुलींच्या बाबतीत ही भीती अधिक गडद आहे.

दुसरा आक्षेप विषयाच्या खोलीवर आहे. जुन्या दिल्ली-कोलकाता पद्धतीत तीन वर्षांत जेवढा मूळ विषय शिकवला जाई, तेवढा आता पहिल्या तीन वर्षांत शिकवला जात नाही, कारण बरेच तास कौशल्य, मूल्य आणि इतर शाखांच्या विषयांना जातात. चौथे वर्ष धरून ती उणीव भरून निघते, पण चौथ्या वर्षापर्यंत सगळेच पोहोचणार नाहीत. हे २०१३ च्याच आक्षेपाचे नवे रूप आहे.

तिसरा आक्षेप मनुष्यबळाचा. त्याची नीट मांडणी पुढे करायची आहे, कारण महाराष्ट्रापुरता सगळा वाद अखेर तिथेच येऊन थांबतो.

राज्यांच्या वेगवेगळ्या वाटा

कर्नाटकाने २०२१-२२ मध्ये सर्वांत आधी नवी रचना स्वीकारली आणि सत्ताबदलानंतर सर्वांत आधी ती सोडलीही. राज्याने स्वतःचे शैक्षणिक धोरण आखण्यासाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष प्रा. सुखदेव थोरात. ते अमरावती जिल्ह्यातले, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष. थोरात आयोगाच्या अंतरिम अहवालाच्या आधारे मे २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. आधीच्या रचनेत दाखल झालेल्यांना ऑनर्सचा पर्याय ठेवला. दहा वर्षांपूर्वी दिल्लीत झाले त्यापेक्षा हे पाऊल अधिक सावध होते, एवढे म्हणता येईल.

केरळने धोरणावर टीका करत राहूनही चार वर्षांची पदवी आपल्या पद्धतीने घडवली आणि १ जुलै २०२४ पासून ती सुरू केली. तिथे तीन वर्षांना १३३ आणि चार वर्षांना १७७ क्रेडिट आहेत, आणि झपाट्याने क्रेडिट मिळवणाऱ्याला तीन वर्षांची पदवी अडीच वर्षांत पुरी करण्याची मुभा आहे. पश्चिम बंगालने २०२३-२४ पासून चार वर्षांची पदवी स्वीकारली. आपली मुले देशातल्या इतर मुलांच्या मागे पडू नयेत, हा विचार त्यामागे होता. तमिळनाडू तीन वर्षांवर ठाम राहिला. गोव्यात २०२३-२४ पासून नवी रचना लागू झाली.

दिल्ली विद्यापीठ २०२२ मध्ये चार वर्षांकडे परतले. तिथे १७६ क्रेडिटची पदवी आहे, आणि २०२५-२६ मध्ये पहिली तुकडी चौथ्या वर्षात गेली. चौथ्या वर्षी प्रबंध, शैक्षणिक प्रकल्प किंवा उद्योजकता असे तीन पर्याय आहेत. त्यातला शेवटचा महाराष्ट्रातल्या रचनाकारांनीही पाहण्यासारखा आहे, कारण संशोधन आणि नोकरीचे प्रशिक्षण या दोन टोकांमध्ये तो एक वेगळी जागा शोधतो.

महाराष्ट्रात अडते कुठे

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये महाराष्ट्रात ४,६९२ महाविद्यालये होती. उत्तर प्रदेशनंतर देशात सर्वाधिक. यांतल्या बहुसंख्य महाविद्यालयांत पदव्युत्तर वर्ग नाहीत, आणि संशोधन केंद्र तर मोजक्याच ठिकाणी आहे. चौथे वर्ष एम.ए. भाग एकच्या पातळीचे आहे, हे मान्य केले की पुढचा प्रश्न आपोआप येतो : जिथे एम.ए.च नाही तिथे ते कोण शिकवणार? संशोधनासह ऑनर्स चालवायला तर पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले कायमस्वरूपी शिक्षक, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा हवी, अशी आयोगाची अपेक्षा आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात भूगोलाचा विभाग आहे. दोन पूर्णवेळ प्राध्यापक, बाकीचे तास सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर. दहा विद्यार्थ्यांनी संशोधनाचा फाटा घेतला. प्रकल्पाच्या एका क्रेडिटला ३० तासांचे काम धरले, तर १२ क्रेडिट म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचे ३६० तास, दहा जणांचे ३,६०० तास. या तासांपैकी मार्गदर्शकाने सोबत बसायचा वाटा अगदी दहावा धरला तरी ३६० तास होतात. सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा कार्यभार १६ तासांचा, तोही आधीच नव्या रचनेतल्या छोट्या-छोट्या विषयांनी भरलेला. मग हे तास येणार कुठून? सीएचबीवरच्या शिक्षकाला मार्गदर्शनाचे पैसे मिळणार का? पुढच्या वर्षी तो त्याच कॉलेजात असेल याची तरी खात्री काय? मार्गदर्शनाला वेळ नसेल तर प्रबंध कसे तयार होतात, हे पदव्युत्तर वर्गांचा अनुभव असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. झेरॉक्सच्या दुकानात बांधून मिळणाऱ्या प्रबंधांची परंपरा पदवीपर्यंत खाली आली, तर या सगळ्या खटाटोपाचा मूळ हेतूच बुडेल.

यावर उपाय म्हणून काही वाटा सुचवल्या जातात. जवळपासच्या महाविद्यालयांनी मिळून विषयवार समूह करायचा, म्हणजे चौथे वर्ष एका ठिकाणी चालेल. आयोगाच्या नियमांप्रमाणे ‘स्वयं’ या ऑनलाइन व्यासपीठावरून ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम घेता येतात, त्यांचा आधार घ्यायचा. किंवा चौथे वर्ष विद्यापीठाच्या विभागांत भरवायचे. प्रत्येक वाटेची किंमत आहे. समूह म्हटला की प्रवास आला. संशोधन पद्धतीतला सिद्धांत ‘स्वयं’वरून शिकता येईल, पण प्रश्नावली घेऊन गावात कसे बोलावे ते शिकता येणार नाही. आणि चौथे वर्ष विद्यापीठाच्या शहरात नेले, तर ऑनर्स ही वसतिगृह मिळालेल्याची पदवी होईल. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या मुलाला साधी पदवी, पुण्या-मुंबईच्या मुलाला ऑनर्स, अशी वाटणी नियमात कुठेही लिहिलेली नाही, पण मनुष्यबळाचा प्रश्न तसाच ठेवला तर ती घडेल.

अनुत्तरित बाबी

पदव्युत्तर जागांचे गणित अजून कोणी स्पष्ट मांडलेले नाही. तीन वर्षांची पदवी घेऊन आलेले विद्यार्थी एम.ए.च्या पहिल्या वर्षात बसतील आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या वर्षात जातील. ऑनर्सवाले थेट दुसऱ्या वर्षी येतील. दुसऱ्या वर्षाच्या जागा वाढवायच्या, की पहिल्या वर्षाच्या कमी करायच्या? विज्ञानात प्रयोगशाळेच्या टेबलांची संख्या ठरलेली असते, तिथे ही अडचण थेट अंगावर येईल.

गुणांची तुलना हाही कच्चा दुवा आहे. ७५ टक्के सगळीकडे सारखे नसतात. संख्याशास्त्रात ७५ मिळवणे आणि मराठी साहित्यात ७५ मिळवणे यांत फरक आहे. स्वायत्त महाविद्यालय स्वतःच परीक्षा घेते, संलग्न महाविद्यालयाचा पेपर विद्यापीठ तपासते. एकाच अटीने दोघांना मोजले, तर उदार हाताने गुण देणाऱ्या संस्थेतल्या मुलाचा फायदा होणार. यावर एक तोडगा म्हणजे विभागाच्या वरच्या काही टक्क्यांना संधी देणे, पण आयोगाच्या आराखड्यात तो नाही.

नोकरीच्या बाजारात ऑनर्सला काय मोल येईल हेही अजून दिसायचे आहे. सरकारी भरतीत ‘कोणत्याही शाखेची पदवी’ ही अट कायम असल्याने तिथे चौथ्या वर्षाला वेगळे वजन नाही. बी.एड.बाबत हालचाल आहे : राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०२५ मध्ये मांडलेल्या नियमांच्या मसुद्यात चार वर्षांच्या पदवीधरांसाठी आणि पदव्युत्तरांसाठी एक वर्षाच्या बी.एड.ची तरतूद आहे. ती प्रत्यक्षात उतरली तर शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना चौथ्या वर्षाची खरी ओढ वाटू लागेल. ग्रामीण महाराष्ट्रात बी.एड.ला असलेली मागणी पाहता संशोधनापेक्षा हेच कारण अधिक मुलांना थांबवेल, असा अंदाज बांधायला हरकत नाही.

शेवटी वेळेचा प्रश्न. संलग्न महाविद्यालयांतली पहिली तुकडी २०२४-२५ मध्ये दाखल झाली, तिचे सहावे सत्र २०२७ च्या पूर्वार्धात संपते आणि चौथे वर्ष २०२७-२८ मध्ये येते. संख्येने मोठी आणि खेड्यापाड्यांत विखुरलेली तुकडी ही आहे. कोणत्या महाविद्यालयात कोणत्या विषयाचे ऑनर्स चालेल, संशोधनाच्या फाट्याला किती जागा, चौथ्या वर्षाच्या शिक्षकपदांना अनुदान आहे की तो वर्ग विनाअनुदानित, फी किती, शिष्यवृत्ती चालू राहणार की नाही, या गोष्टी विद्यापीठांनी पाचवे सत्र सुरू होण्यापूर्वी, म्हणजे २०२६ च्या उन्हाळ्यातच, मराठीत छापून प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचना फलकावर लावायला हव्यात. तोवर विद्यार्थ्याने करण्यासारखे काम एकच : आपल्या विभागात मान्यताप्राप्त मार्गदर्शक आहे का, आणि नसेल तर जवळात जवळ कुठे आहे, याची आतापासून चौकशी करून ठेवणे.